गाडीला नवं तोंड

चौल, ३० एप्रिल

प्रिय बंड्या,

अण्णांच्या गाडीचं काय झालं ते तुला गावातल्या दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवतो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी वाडीत लावली होती. विहिरीजवळच्या बाणवली माडावरून असोला नारळ सुटला आणि थेट बॉनेटच्या मधोमध आला. काच वाचली हे नशीब. (माडाखाली गाडी लावू नये हे अण्णा मला किती वेळा म्हणाले असतील! ते तू आता लिहू नकोस.)

वरचा खड्डा चालला असता, पण आतली पट्टी वाकली आणि लॉक लागेना. सुंभाने बांधून अलिबागला नेली. डेंटरने पत्र्यावरून तळवा फिरवला. म्हणाला, "पत्रा ताणला गेलाय. ठोकून देईन, पण पुट्टी इतकी भरावी लागेल की दोन उन्हाळ्यांत तडकेल. ओरिजनल सेकंडहँड बघा." नवं लोकल मिळतं, पण पत्रा पातळ आणि कडा जुळवताना जीव जातो, हेही त्यानेच सांगितलं. हातचं काम घालवून खरं बोलला, म्हणून त्याच्यावर विश्वास बसला.

मला वाटायचं, मारुती ८०० म्हणजे सगळ्या सारख्या. कुठल्या सारख्या! १९९७ मध्ये तिचं नाक बदललं, गोलसर झालं. त्याआधीचं चपटं बॉनेट आपल्या २००४ च्या गाडीवर बसतच नाही, हेडलाइटपाशीच अडतं. २०१४ पासून गाडी निघायची बंद, त्यामुळे भंगारातही आता अल्टोच जास्त. पनवेलला दोन ठिकाणी हात हलवत परतलो.

शेवटी कुर्ला, सीएसटी रोडचा जुन्या पार्ट्सचा बाजार. जाण्याआधी एक शहाणपणा केला. बॉनेटवर रद्दी पेपर पसरले, टेपने जोडले, कडेने कापले आणि बिजागऱ्यांची भोकं पेन्सिलीने उतरवून घेतली. शिंप्यासारखा कागदी बेत. अण्णा रविवारी त्याच बॉनेटवर पेपर पसरून वाचायचे, त्याची आठवण झाली. जरा थांबलो, मग कात्री चालवली.

दुकानात दारं एका रांगेत, डिक्क्या दुसऱ्या रांगेत आणि छताला टांगलेले बंपर. पहिल्याने बघताच "हेच तुमचं" म्हणून सांगितलं. कागद लावला, तर बोटभर फरक! तिसऱ्या दुकानात एक लाल मिळालं. कागद चारही बाजूंनी बसला, भोकांवर भोकं आली. फ्रीजवरचा लोहचुंबक खिशात होता, तो जागोजागी लावून पाहिला. पुट्टी असेल तिथे तो धरत नाही. सगळीकडे टक्कन चिकटला. उलटं करून कडेच्या दुमडीतून नख फिरवलं, कारण गंज तिथूनच सुरू होतो. एका कोपऱ्यात थोडा होता, तेवढा चालतो. वरच्या बाजूला कुणाच्या तरी दसऱ्याचं कुंकवाचं स्वस्तिक, पुसट झालेलं. अडीच हजार सांगितले, अठराशेला दिलं. गाडीचा नंबर घालून पावती मागितली तेव्हा मालकाचं तोंड वाकडं झालं, पण लिहिली. चोरीच्या गाडीचं तोंड मला नको होतं.

आणणं हा वेगळाच सोहळा. बॉनेट वजनाला फार नाही, पण धरावं कुठे? कुर्ल्याहून वाशीपर्यंत लोकलच्या मालडब्यात एका कोळणीच्या पाट्यांमध्ये उभं केलं. "दादा, हे कसलं झाकण रे?" म्हणाली आणि उतरेपर्यंत एका हाताने तीच धरून होती. वाशी मार्केटला आपला पांढरा कांदा उतरवून रिकामा परतणारा टेंपो मिळाला, त्यातून घरी.

बसवताना दोन बोल्ट ढिले ठेवून दोन्ही मडगार्डांची फट सारखी केली, मग आवळले. लॉक पहिल्याच दणक्यात लागलं. रंगाऱ्याकडे गणपतीआधी नंबर नाही, तोवर पांढरी गाडी, लाल तोंड. आळीतली पोरं तिला कोंबडा म्हणतात. आईला तो लाल रंगच आवडलाय, आता तिला कोण समजावणार!

जुनं बॉनेट भंगारवाला किलोवर मागत होता. दिलं नाही. गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलंय, खाली मांजरीने पिल्लं घातली आहेत. त्याचं काय करायचं ते तू मे महिन्यात आलास की ठरव. माझ्याने होणार नाही.

वहिनींना नमस्कार, चिंगीला आशीर्वाद.

तुझा,
दिन्या