वधस्तंभ दररोज उचलायचा, आणि तो आपला आपण

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार आणि जय ख्रिस्त.

लेंट म्हणजे आमचा उपवासकाळ चालू झाला की दरवर्षी पेपरात पेशंटला फळं वाटल्याचे, अनाथ मुलांना खाऊ दिल्याचे फोटो येतात, त्यातल्या एक-दोन फोटोत मागच्या रांगेत मी पण उभा आहे. त्याला वाईट म्हणायचं नाहीये, पेशंटला चार केळी मिळतात हे चांगलंच आहे. पण गेल्या दीड वर्षात माझ्या घरात जे झालं त्यावरून आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, भावांना, खास करून पुरुषांना, एक गोष्ट सांगायची आहे. चर्चमध्ये उभं राहून सांगायला धीर होत नाही कारण तिथंच मी एकदा खोटी साक्ष दिलीय, म्हणून इथं लिहितोय.

माझी आई ८१ वर्षांची. पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचा पण गेली. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं की दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी ठेवायची, नाहीतर जखमा होतात आणि झाल्या की लवकर भरत नाहीत. दर दोन तासांनी म्हणजे रात्री पण. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहितीय, पारा ४२-४३ ला जातो, लाईट गेली की एअर बेडचा पंप बंद, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसातून एकदा, ते पण कधी मध्यरात्री कधी पहाटे, आणि ज्या घरात माणूस अंथरुणावर आहे तिथं नुसत्या चादरी धुवायलाच रोज किती बादल्या लागतात ते ज्यांनी धुतल्यात त्यांनाच माहीत. हे सगळं बायको करत होती. मी मोटार चालू करून द्यायचो आणि झोपायचो, सकाळी ड्युटी म्हणून. तिला पण सकाळी ड्युटीच होती, घरातली होती एवढंच, आणि ती ड्युटी आहे असं मला कधी वाटलंच नाही.

मग एका रविवारी उपासनेत साक्षीच्या वेळेला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायच्या वेळेला, मी उठलो आणि म्हणालो की प्रभूने आम्हाला आईची सेवा करायची कृपा दिली. आम्हाला! सगळ्यांनी आमेन म्हटलं. बायको तिथं नव्हतीच, आईजवळ कुणीतरी पाहिजे म्हणून घरी होती. सात-आठ महिने तिला प्रभूभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा विधी, घ्यायला मिळालं नव्हतं आणि हे माझ्या लक्षात पण आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात बायबल वाचनात लूकच्या शुभवर्तमानातलं ९:२३ आलं. माझ्यामागं यायचं असेल तर स्वतःला नाकारा, आपला वधस्तंभ म्हणजे क्रूस उचला आणि माझ्यामागं या, हे मत्तयात आहे, मार्कात पण आहे, पण लूकमध्ये एक शब्द जास्त आहे, दररोज. लहानपणापासून वाचतोय पण त्या दिवशी तो शब्द बोचला.

एकदाच जीव देणं काय असतं हे सोलापूरला कुणी शिकवायला नको. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, स्वातंत्र्यलढ्यात १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेले, त्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज जातो. तसा प्रसंग माझ्या वाट्याला येणार नाही. माझ्या वाट्याला रात्रीचे दोन वाजता उठणं आलंय आणि तेच मी दुसऱ्यावर ढकलत होतो. आपल्याच लाईनवर, पुण्याला जाताना दौंडच्या पुढं केडगाव लागतं, तिथं पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० ला गुजरातेतून उपाशी पोरी आणून सांभाळल्या. आपल्याला ते दुष्काळाचं मोठं काम आठवतं, पण दुष्काळ संपल्यावर पण त्या पोरींना रोज जेवायला लागतच होतं की, आजारपण होतं, शिकवणं होतं, आणि १९२२ ला रमाबाई गेल्या तोपर्यंत हे चालूच होतं.

अजून एक सांगितलं पाहिजे. आमच्यात नवऱ्याच्या दारूला, माराला वैतागलेल्या बाईला पण लोक सांगतात की हा तुझा वधस्तंभ आहे, सहन कर. हे साफ चूक आहे. योहान १०:१८ मध्ये येशू स्वतः सांगतो की माझा प्राण माझ्याकडून कुणी घेत नाही, मी आपणहून देतो. आपणहून! दुसऱ्याच्या पाठीवर ओझं टाकून त्याला त्याग म्हणायचं आणि आपण मात्र लेंटमध्ये चहा सोडायचा, ह्यात येशूच्या मागं जाणं कुठं आलं?

आता रात्री बारा, दोन आणि चार ह्या तीन वेळा माझ्या. पाणी भरणं पण माझं. पहिल्यांदा आईला साफ करताना मला किळस आली, हे खरं सांगतो, आणि एकदा मी तिच्यावर ओरडलो पण, ती काही बोलू शकत नाही, नुसती डाव्या हातानं माझं मनगट धरून बसली. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी शिष्यांचे पाय धुतल्याचा अध्याय दरवर्षी वाचतो, त्याचा अर्थ मला त्या रात्री कळला.

आमच्या मंडळीतल्या आम्ही तिघांनी आता एक चालू केलंय. ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे तिथं रविवारी आळीपाळीनं दोन-अडीच तास जाऊन बसायचं, म्हणजे घरच्या बाईला उपासनेला जाता येतं, नाहीतर निवांत झोपता तरी येतं. सध्या तीन घरं आहेत, त्यातलं एक आमच्या गल्लीतल्या विडी वळणाऱ्या काकूंचं, त्या ख्रिस्ती नाहीत आणि त्यानं काही फरक पडत नाही. बाकीच्या मंडळ्यांनी पण हे करावं ही हात जोडून विनंती. पाळकसाहेबांना कुठल्या घरी कोण पडून आहे हे माहीत असतंच, त्यांना विचारा. पण जाण्याआधी घरच्या बाईकडून कूस बदलायला शिकून घ्या, हाताला धरून ओढायचं नाही, खालच्या चादरीसकट हळू फिरवायचं, म्हाताऱ्या माणसाची कातडी लगेच सोलते.

आपला,
एक वाचक, सोलापूर