ताऱ्यांची योजना मागे घ्या : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शिक्षणमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

शिक्षकांमागचे कागदी काम कमी करू, असे आश्वासन आपण शिक्षक मेळाव्यात दिले तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. गेल्या आठवड्यातील परिपत्रकाने त्या आश्वासनाची वासलात लावली. मुलांना प्रेरणा मिळावी म्हणून प्रत्येकाला रोज तारे द्यायचे, ते ॲपमध्ये भरायचे आणि शनिवारी ताऱ्यांनुसार क्रमवारी वर्गात लावायची, असा हा आदेश आहे. माझ्या वर्गात ६० मुले आहेत.

परवा फळ्यावर एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश लिहून मी विचारले, यांतला मोठा अपूर्णांक कोणता? एरवी वहीच्या मागच्या पानावर स्वतःच गणिते रचणाऱ्या मुलीने उत्तराआधी विचारले, "बाई, याला किती तारे?"

बक्षीस दाखवले की असे घडते, हे १९७३ मध्येच दिसून आले होते. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रकलेची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील काही मुलांना, आधी कबूल करून, चित्रांसाठी सोनेरी ताऱ्याचे प्रशस्तिपत्र दिले. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिले, तर बक्षिसासाठी चित्रे काढलेली ही मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढत होती. नीरस कामासाठी कधीमधी बक्षीस द्यायला माझी हरकत नाही. पण जिथे गोडी आहे तिथे आमिष लावले की गोडी आटते आणि आमिष तेवढे उरते.

त्याच तासाला मागच्या बाकावरचा, सहसा न बोलणारा एक मुलगा फळ्याकडे टक लावून पाहत होता. मी दुसऱ्या कोणाला न विचारता थांबले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "तिघांत वाटलं तर वाटा लहान होतो." त्यानंतरच्या दोन्ही गणितांना त्याने आपणहून हात वर केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात, गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात, हे अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले आहे. त्या मुलाच्या उत्तराला किती तारे द्यायचे होते, महोदय? आणि शनिवारच्या क्रमवारीत तो तळाशी दिसला, तर सोमवारी तो हात वर करील का?

वहीत "तुझी रीत बरोबर आहे, छेद पुन्हा तपास" एवढे लिहिले तर मूल ते वाचून गणित पुन्हा सोडवते. तसे लिहायला लागणारी माझी संध्याकाळ आता ॲप खाते. ते मध्येच बंद पडते, भरलेले पुसले जाते आणि विलंबाबद्दल खुलासा मात्र माझ्याकडे मागितला जातो. घशाला आणि डोळ्यांना होणारा त्रास मी वर्षानुवर्षे सोसला, कारण वर्ग माझा होता. आता त्या वर्गात मी आकडे भरणारी कारकून झाले आहे. जे मोजता येते तेवढेच खरे मानणारी ही व्यवस्था शिक्षकावर विश्वास ठेवत नाही, आणि ज्याच्यावर कोणाचा विश्वास नाही त्या शिक्षकाने मुलांना आत्मविश्वास द्यावा अशी अपेक्षा मात्र ठेवते. परिपत्रक काढण्यापूर्वी वर्गात शिकवणाऱ्या एका तरी शिक्षकाला विचारले होते का?

हे परिपत्रक मागे घ्यावे, भिंतीवरील क्रमवारी आजच उतरवण्याचे आदेश द्यावेत आणि वह्या तपासण्यासाठी शाळेच्या वेळेतच रोज एक तास मोकळा द्यावा, ही मागणी आहे. उत्तर लेखी आणि जाहीर हवे.

आपली,
एक शिक्षिका