लंगडणारा दिवा

नेपरव्हिल, इलिनॉय
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय शिऱ्या,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर मी दिव्याचं सांगायला लागलो आणि तू फिस्सकन हसलास. "सातासमुद्रापलीकडं जाऊन शेवटी भंगारच गोळा कर, मर्दा!" फोनवर असलं काही नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितोय. हसायचं तेवढं हस, पण पुरतं वाच, आणि शेवटी काम सांगितलंय ते तेवढं कर. तात्यांनाही वाचून दाखव. यात त्यांची चोरी आहे, ती त्यांच्या कानावर गेलेली बरी.

आठवीत असताना तुमच्या उद्यमनगरातल्या दुकानात एक अँबॅसिडर आली होती, आठवतं? टपावरचा लाल दिवा फिरायचा थांबला होता. गाडी कुठल्याशा साखर कारखान्याच्या चेअरमनची. त्यांना लाल दिवा लावायचा अधिकार होता का, हे तेव्हा कोण विचारणार! तात्या जेवायला गेले आणि आपण शटर खाली ओढून तो दिवा बॅटरीला जोडला. सगळ्या भिंतींवरून लाल पट्टा घरंगळत गेला. तू ओरडलास, "एसपी आले, एसपी!" आणि खरोखरच तात्या आले. मला एक बसली, तुला दोन.

त्या दिव्यात बल्ब मधोमध स्थिर होता आणि त्याच्याभोवती वाकडा आरसा फिरत होता. इथला जुना पोलिसांचा आणि बंबांचा दिवा नेमका उलटा. यात आरसा वगैरे काही नाही, बल्बच गरागरा फिरतात. प्रत्येक बल्ब म्हणजे काचेचा बंद डबा, आत स्वतःचा परावर्तक. त्याला पार-३६ म्हणतात. हा छत्तीस कसला, ते मला कित्येक महिने उमगलं नव्हतं. इंचाचे आठवे भाग मोजायचे, ३६ भागिले ८, म्हणजे साडेचार इंच व्यास! फिरत्या बल्बांना वीज पोचवायची तर खाली तांब्याची कडी आणि तिच्यावर घासणारा कार्बन लागतो, म्हणजे झिजायला आणखी एक जागा. आपला आरसेवाला दिवा त्या मानानं शहाणा. पण एकदा का हे चार बल्ब फिरायला लागले की भिंत अक्षरशः कापत जातात रे. आताच्या एलईडी पट्ट्या डोळ्यांत सुया टोचतात, फिरत मात्र काहीच नाही.

माझा दिवा फेडरलचा आहे. ही कंपनी शिकागोची, १९०१ची, आणि सुरुवात केली ती दुकानांच्या विजेच्या पाट्यांपासून. म्हणून जुन्या पत्र्यावर नाव येतं 'फेडरल साइन अँड सिग्नल', खाली गाव 'ब्लू आयलंड, इलिनॉय'. १९७५-७६च्या सुमारास नावातली पाटी गळली, नुसतं 'फेडरल सिग्नल' उरलं. त्यामुळे बुडाचा पत्रा वाचला की वय कळतं. ब्लू आयलंड माझ्या घरापासून गाडीनं तासाभराच्या आत. म्हणजे हा दिवा जन्मला त्या गावाच्या जवळच पडून होता, मी आलो तेरा हजार किलोमीटरवरून.

जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार भरतो, तिथं एका टेबलाखालच्या खोक्यात बूड मिळालं. नुसतं बूड! मोटर नाही, बल्ब नाहीत, घुमट नाही. पूर्ण दिवा घ्यायचा तर जो आकडा सांगतात तो ऐकून स्मिता मला घरात घेणार नाही. मग एकेक नग जमवत गेलो. मोटर दुसऱ्या माणसाकडून, फिरती चकती तिसऱ्याकडून, घुमट टपालानं. यातलं काहीही एकमेकांसाठी बनलेलं नव्हतं. आपल्या वर्गासारखंच म्हण.

पहिली गंमत मोटरची. घरी आणून ग्रीस पुसलं तर खाली ६ व्होल्ट! इकडच्या गाड्या १९५५-५६च्या सुमारास सहावरून बारा व्होल्टवर गेल्या. म्हणजे मोटर त्याआधीची आणि बल्ब सगळे बाराचे. तशीच जोडली असती तर दुप्पट वेगानं फिरून दोन मिनिटांत धूर. इथले लोक म्हणाले, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल टाक, पाच डॉलरचं मिळतं. आणलंही होतं. रात्री ते हातात घेऊन बसलो होतो आणि एकदम तात्यांचा तो लाकडी बोर्ड डोळ्यांसमोर आला. राजदूतची सहा व्होल्टची बॅटरी बाराच्या चार्जरवर लावताना मध्ये बल्ब टाकायचे ते. "बल्ब पेटला की समज, तो मार खातोय, बॅटरी वाचतीय."

तेच केलं. ब्रेकलाइटचा साधा बल्ब, इथला ११५६ नंबर, मोटरच्या सिरीजमध्ये. मीटर लावला तर मोटरवर सहा पूर्णांक दोन व्होल्ट, करंट एक पूर्णांक चार अँपिअर. शिऱ्या, मी गॅरेजमध्ये एकटाच टाळ्या वाजवल्या. आणि नुसता व्होल्टेज तोडायचा प्रश्न नाही, हे रेझिस्टरपेक्षा चांगलं आहे. बल्बची तार गार असताना तिचा रोध अगदी कमी असतो, म्हणून बटण दाबल्याबरोबर मोटरला सणसणीत धक्का मिळतो आणि जुनं ग्रीस असलं तरी ती उचलते. मग तार तापते, रोध वाढतो, मोटर आपल्या चालीवर येते. समज उद्या चकती अडकली, तर बल्ब लख्ख पेटून सगळा भार स्वतःवर घेईल, मोटर जळणार नाही. तात्यांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं होतं का, विचार. नसणारच वाचलं. बल्ब बुडाच्या आत बसवलाय. दिवा चालू असताना तळाच्या भोकातून मंद शेंदरी उजेड दिसतो, निरांजनासारखा.

दुसरी गोष्ट, इंच आणि मिलिमीटर. हे भांडण तुझ्या रोजच्या ओळखीचं. बुडाला दहा-बत्तीसचे आटे, म्हणजे इंचाला बत्तीस. माझ्या डब्यात एम-५चे, म्हणजे पाच मिलिमीटरचे स्क्रू. दोन्ही जुळे भाऊ वाटतात, एकाच्या आट्यांतलं अंतर ०.७९४ मिलिमीटर, दुसऱ्याच्या ०.८. एम-५ दोन वेढे लोण्यासारखा गेला, तिसऱ्याला अडला, आणि मी शहाण्यासारखा पान्यानं जोर केला. गेले आटे! आज ऐंशी-नव्वद वर्षांच्या असलेल्या कुणा माणसाच्या हातचं काम मी अर्ध्या मिनिटात घालवलं. त्या भोकात आता पलीकडून नट टाकून वेळ भागवलीय.

शाफ्टचंही तेच. ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. मूळचं बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, झिजून अंडाकृती झालेलं. मी काढली मुलीच्या जुन्या स्केटबोर्डची बेअरिंग, ६०८ नंबर, भोक बरोबर ८ मिलिमीटर. फरक सहा शतांश, पण फिरताना दिवा दात वाजल्यासारखा कडकडायचा. स्वयंपाकघरातली फॉइल साधारण ०.०१६ मिलिमीटर जाडीची असते. शाफ्टला तिचे दोन वेढे दिले, म्हणजे दोन्ही बाजूंनी तीन-तीन शतांश. बसली! आता नुसती घुर्रर्र येते, मांजर मांडीवर झोपल्यासारखी. पण फॉइल ती फॉइलच, महिन्याभरात चुरा होतो आणि पुन्हा उघडावं लागतं.

घुमटाचं सांगायला लाज वाटते. लाल ॲक्रिलिकचा, जुना, जरा मळलेला, बाकी अखंड होता. चूक सर्वस्वी माझी. फडक्यावर थिनर घेतला आणि पुसला. रात्री चकचकीत दिसत होता. सकाळी उठून बघतो तर सगळीकडं कोळ्याचं जाळं! ॲक्रिलिकच्या अंगात घडवतानाचा ताण दडलेला असतो, थिनर आत शिरला की तो सुटतो आणि बारीक तडे जातात. साबणाचं पाणी आणि मऊ कापड, बास. ओरखडे असतील तर पाण्यातला पॉलिश पेपर, आठशे, पंधराशे, दोन हजार, मग पॉलिश. हे आता मला पाठ आहे, घुमट मात्र गेला तो गेला.

तसा लाल घुमट परत परवडेना म्हणून एक बिनरंगी घेतला, दुसऱ्याच कंपनीचा. तो बुडापेक्षा जवळपास अर्धा सेंटिमीटर मोठा. फटीत काय घालावं म्हणून चार दिवस डोकं खाजवलं, शेवटी कुकरची जुनी रिंग कापून बसवली आणि वरून पत्र्याचा मूळचा कमरपट्टा आवळला. पावसाच्या पाण्याखाली तासभर ठेवून बघितला, एक थेंब आत नाही. स्मिताला मात्र नवी रिंग आणून द्यावी लागली.

घुमट बिनरंगी म्हटल्यावर रंग बल्बांत आणणं आलं. तसं बघितलं तर हे बरंच झालं. तापलेल्या तारेच्या उजेडात लाल-पिवळं भरपूर, निळं अगदी थोडं, त्यामुळे या जुन्या दिव्यांवर निळा घुमट घातला की बहुतेक उजेड आतच मरतो. लाल त्यातल्या त्यात बराच सोडतो. मी दोन लाल बल्ब आणि दोन पांढरे ठरवले, समोरासमोर. लाल दोन मिळाले. पांढरा एक मिळाला, ४४१६ नंबरचा, तीस वॅटचा, झोत भाल्यासारखा. चौथा काही मिळेना. मग शेतकी सामानाच्या दुकानातून ट्रॅक्टरचा घेतला, ४४११. तोच व्यास, पस्तीस वॅट, पण तो झोत मारत नाही, शेतात नांगरणीला लागतो तसा उजेड पसरतो. सगळे मिळून सव्वाशे वॅट, मोटरसकट अकरा अँपिअरच्या आसपास. पंधराचा फ्यूज घातलाय, तात्यांना सांग.

आणि आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते. मध्यंतरी एका रात्री गॅरेजचं दार लावून पहिल्यांदा चारही बल्ब लावून चालवला. भिंतीवरून लाल गेला, सपकन. पांढरा गेला, सपकन. पुन्हा लाल. आणि चौथ्याला, जिथं चौथा सपकारा हवा, तिथं नुसती एक मऊ पिठूर लाट. मग परत लाल. तीन पावलं ठाम आणि एक पाय ओढत. दिवा चक्क लंगडतो, शिऱ्या! मी हसलो, मग गप्प बघत बसलो. मिनिटाला पंचेचाळीस फेरे मोजले. किती वेळ बसलो होतो कोण जाणे. स्मिता दार उघडून म्हणाली, "गणपतीत आरासीला लावू या." मी म्हटलं, बाप्पासमोर बंब आल्यासारखं वाटेल. ती म्हणाली, "वाटू दे की."

गेल्या आठवड्यात बरोबरचा चौथा बल्ब मिळाला. खोक्यात ठेवून दिलाय. लावणार नाही.

इथं जुने बंब जपणाऱ्या हौशी लोकांची संस्था १९५८पासून आहे, आणि त्यांच्यात मूळ बरहुकूम मानणारे फार कडक. दोन स्क्रूंच्या खाचा वेगळ्या दिसल्या तरी भुवया वर. एका वयस्क गृहस्थांना माझा दिवा दाखवला. त्यांनी तो काही न बोलता उलटा केला. आत मी एक कागद चिकटवलाय, कुठला नग कुठून आला, काय मूळचं, काय माझं, फॉइल आणि कुकरच्या रिंगेसकट. त्यांनी सगळं वाचलं आणि एकच विचारलं, "नवीन भोक पाडलंस?" नाही म्हटलं. "मग ठीक." मला त्यांचं पटलं. जोडलेलं उद्या काढता येतं, पाडलेलं भोक बुजत नाही. आणि त्या कागदामुळे माझ्यानंतर कुणी उघडला तर त्याला फसवल्यासारखं वाटू नये. तात्यांना हे सगळं थेर वाटेल, त्यांचं शास्त्र एकच, चाललं की झालं.

दिवा रस्त्यावर नेणार नाही, घाबरू नकोस. इथं प्रत्येक राज्यात रंगांचे कायदे वेगळे. शिकागोच्या पोलिसांचा निळा, आणि न्यूयॉर्कमध्ये निळा लावतात ते आग विझवायला जाणारे स्वयंसेवक. आपल्याकडं बरं, १ मे २०१७ला साहेबांच्या टपावरचे लाल दिवे एकदम उतरले. त्यावरूनच काम आठवलं.

एक, सोबत कागदावर आकृती आहे. गनमेटलचं बुश हवंय, आतला व्यास ७.९५, बाहेरचा २२, लांबी ७. तुमच्या शेजारच्या लेथवाल्याकडून दोन नग करून घे. फॉइलच्या कटकटीतून सुटेन. एम-५चे स्क्रू पाठवू नकोस.

दोन, तात्यांच्या मागच्या फळीवर, बॅटरीच्या पाण्याच्या कॅनमागं, अँबॅसिडरच्या दिव्याचे लाल घुमट होते, तीन की चार. भंगारात गेले नसतील तर व्हर्निअर लावून एकाच्या तोंडाचं माप घे, आतलं आणि बाहेरचं, दोन्ही. पुसू नकोस. पुसलासच तर थिनरनं नको.

काकूंना नमस्कार, तात्यांनाही.

तुझा,
पम्या