अण्णांना एक फोन कर

ठाणे, नौपाडा

प्रिय संज्या,

दिवाळीपासून ना फोन, ना मेसेजला उत्तर. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच.

मी ठीक, शुगर काठावर. वीणाची मान तशीच.

अण्णांचा मायलोमा, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर, तुला ठाऊक आहेच. औषध लागू पडलंय, त्या पेशी रक्तात सोडतात ते एम प्रोटीन दर तपासणीला उतरतंय. आणि सगळी गोची तिथेच आहे.

दर आठवड्याला पोटावर इंजेक्शन असतं, बोर्टेझोमिब. म्हणजे कोण, माहितीये? प्रोटिअझोम अडवणारा! पेशीतली नको असलेली प्रोटीनं मोडणारं यंत्र, बांदोडकर कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये तू ज्याला ‘कचरा डिपार्टमेंट’ म्हणायचास तोच प्रोटिअझोम. प्रोटीन बनतं कसं ते शिकावं, मोडतं कसं त्यात काय शिकायचंय, असं तुझं म्हणणं. २००४ला युबिक्विटिनसाठी, म्हणजे मोडायच्या प्रोटीनवर लागणाऱ्या चिठ्ठीसाठी, सिकॅनोव्हर, हर्शको आणि रोझ यांना नोबेल मिळालं तेव्हा मी पेपर घेऊन तुझ्या दारात. तरी हार नाहीच. म्हणे, नोबेल केमिस्ट्रीचं आहे, आपला वाद बायोकेमिस्ट्रीचा होता. निर्लज्ज.

तर मायलोमाच्या पेशी दिवसरात्र अँटिबॉडी बनवत बसतात. त्यात बिघडलेला मालही ढिगाने निघतो. युबिक्विटिनची चिठ्ठी लागली की प्रोटिअझोम तो माल फाडतो. आमच्या सोसायटीत घंटागाडी चार दिवस आली नाही की काय होतं ते तू पाहिलंयस. बोर्टेझोमिब ती गाडीच अडवतं आणि त्या पेशी गुदमरून मरतात. अमेरिकेत २००३ला मान्यता मिळाली, म्हणजे तुझ्या दारातल्या त्या भांडणाच्या आधीच औषध बाजारात होतं. सोबतची लेनालिडोमाइडची गोळी थॅलिडोमाइडच्याच घराण्यातली. तीही पेशीच्या त्याच यंत्रणेला हाताशी धरून कॅन्सरला लागणारी दोन प्रोटीनं मोडायला लावते. १९६१ला बाळांचे हातपाय खुंटवले म्हणून जे बाजारातून गेलं, त्याचं भावंड आमच्या फ्रिजवरच्या डब्यात. मला अजून पचत नाही.

पण बोर्टेझोमिब नसांनाही सोडत नाही. अण्णांचे तळपाय बधिर झालेत. तलावपाळीला फेरी मारताना एक चप्पल कधी निसटली ते त्यांना कळलंच नाही, शेंगदाणेवाल्याने मागून हाक मारून दिली. हे मला शपथ घालून सांगितलं. ओपीडीत डॉक्टर दर वेळी विचारतात, “पायाला मुंग्या?” अण्णा ताठ बसून म्हणतात, “छे!” मी शेजारी, फाइल मांडीवर.

त्यांचं गणित सरळ आहे. सांगितलं की डोस कमी, डोस कमी की आजार वर. अरे, पण डॉक्टर विचारतात ते त्यासाठीच ना! वेळीच कळलं तर डोस उतरवता येतो, अंतर वाढवता येतं, औषध बदलताही येतं. अंगावर काढलं तर मुंग्यांच्या कळा होतात, आणि गेलेली संवेदना पूर्ण परत येईलच असं नाही. मी डॉक्टरांना एकटं गाठून सांगू शकतो. पण मग अण्णा पुढचं काहीच मला सांगणार नाहीत. मी कळवलं नाही तर पाय जातील, कळवलं तर बातमीच बंद. वीणा म्हणते सांगून टाक. वीणाला अण्णांचा अबोला कुठे माहितीये? तुला माहितीये.

त्यात डेक्साच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या गोळीने झोप उडालेली. रात्री दोनला रद्दीचे गठ्ठे बांधतात. सुतळीसुद्धा मोजून.

आणि हो, तू पाठवलेला ग्रीन टी! डॉक्टरांनी बंद करायला सांगितलाय. २००९मध्ये प्रयोगशाळेत आणि उंदरांवर दिसलं होतं की त्यातलं ईजीसीजी नावाचं द्रव्य बोर्टेझोमिबच्या बोरॉनला धरून त्याला निकामी करतं. अण्णा ऐकत नाहीत. “संजयने पाठवलाय, तो शिकलेला आहे.” मी त्याच वर्गात होतो रे! आणि मार्कही जास्त होते.

पूर्वाच्या दहावीचं कळलं, तिला शाबासकी. हैदराबादची नोकरी घेतलीस की नाही? सासऱ्यांचा पीएसए, ती प्रोस्टेटची रक्ततपासणी, वाढला म्हणून लगेच धसका घेऊ नका, वयाने नि सुजेनेही वाढतो, डॉक्टरांकडे मात्र न्या. तेही प्रोटीन तोडणारं एन्झाइमच, वीर्य पातळ करणारं. हे त्यांना सांगू नकोस.

आईच्या वेळी अण्णांनी शेवटी तुझंच ऐकलं होतं. म्हणून फोन कर. ग्रीन टीपासून सुरुवात कर, मग पायावर ये. मीच सांगितलं हे त्यांना कळणारच, कळू दे. ओपीडी गुरुवारी आहे. बुधवारी रात्री साडेनऊनंतर कर, मालिका संपल्यावर. आधी केलास तर सगळ्याला हो म्हणून ठेवून देतील.

तुझा,
अव्या