ओवीच्या प्रश्नाचं उत्तर

पुणे, रविवार

प्रिय विनू,

परवा फोनवर ओवीने विचारलेला प्रश्न डोक्यातून जात नाही. "काका, एकदा निवडून आलं की पाच वर्षं राज्य करायचं. मग संसदेत रोज जायचं कशाला?" तेव्हा मी घाईत काहीतरी थातुरमातुर सांगितलं. आठवीच्या नागरिकशास्त्रात संसदीय शासनपद्धती आहे, परीक्षेपुरतं ती पाठ करीलच. पण हे तिला मनापासून समजावं असं मला वाटतं, म्हणून लिहितोय. तिला वाचून दाखव.

तिला सांग, आपण पंतप्रधान निवडत नाही, खासदार निवडतो. लोकसभेच्या जागा 543. त्यांतल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान 272 जण पाठीशी असले की बहुमत पक्कं. पाच वर्षं ही लोकसभेची मुदत, सरकारला दिलेली हमी नव्हे. घटनेच्या 75व्या कलमाप्रमाणे मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. लोकसभेचा विश्वास उडाला की सगळं मंत्रिमंडळ घरी. राज्यसभेला मात्र सरकार पाडता येत नाही.

17 एप्रिल 1999 आठवतो ना? तुमच्या घरी टीव्हीपुढे आपण सगळे दाटीवाटीने बसलो होतो. अण्णा द्रमुकने पाठिंबा काढल्यावर वाजपेयींनी विश्वासदर्शक ठराव मांडला होता. बाजूने 269, विरोधात 270. आकडा आला आणि तुझी आई हातातला चहा तसाच धरून उभी राहिली. तेरा महिन्यांचं सरकार एका मताने गेलं! वाजपेयींनी त्याच दिवशी राजीनामा दिला. पुढे निवडणूक होईपर्यंत ते काळजीवाहू पंतप्रधान होते, आणि कारगिलचं युद्ध त्याच काळात झालं. ओवीला यातलं ते एक मत नीट समजावून सांग.

पण सरकार पडणं क्वचितच. सभागृहाची खरी ताकद मला कळली ती नोकरीत, एलएक्यूमुळे. विधानसभेत आमदाराने विचारलेल्या प्रश्नाला आमच्या कचेरीत एलएक्यू म्हणायचे. त्यातही तारांकित असला, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं असलं, की सगळ्यांची झोप उडायची.

एका मार्चमध्ये, मुंबईत अर्थसंकल्पी अधिवेशन चालू असताना, आमच्या तालुक्यातल्या टँकरबद्दल असा प्रश्न आला. उत्तर सकाळपर्यंत मंत्रालयात हवं. रात्री अकराला आम्ही चौघं टँकरची लॉगबुकं पसरून बसलो. एका वाडीच्या नावापुढे रोज दोन खेपा लिहिलेल्या, शाई एकच, अक्षर एकच, आणि पाणी मिळाल्याच्या सह्या कुठेच नाहीत. त्या वाडीतल्या बायका तीन आठवडे कचेरीत अर्ज घेऊन येत होत्या. त्यांतले दोन अर्ज मीच आवक नोंदवहीत चढवले होते, आणि नंबर टाकून पुढे सरकवले होते. विनू, ते पान बघताना मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीत टँकर गेला. तीन आठवडे अर्जांनी जे झालं नाही, ते एका प्रश्नाने एका रात्रीत केलं. कारण उत्तर खोटं निघालं तर मंत्र्यांवर हक्कभंग, म्हणजे सभागृहाची दिशाभूल केल्याचा ठपका, येऊ शकतो, आणि ती भीती मंत्रालयातून उतरत उतरत आमच्या टेबलापर्यंत येते. वाडीने आमदार निवडला, आमदाराने मंत्र्याला विचारलं, मंत्र्याने आम्हाला. ओवीला ही साखळी कागदावर काढून दाखव. म्हणूनच अधिवेशनाचे दिवस कमी झाले किंवा प्रश्नोत्तराचा तास गोंधळात वाहून गेला, की माझा जीव तुटतो. तेवढे टँकर त्या दिवशी कुणी विचारलेले नसतात.

डिसेंबरात तुमच्या नागपुरात अधिवेशन भरेल. प्रेक्षक गॅलरीच्या पाससाठी तुमच्या आमदारांकडे आधीच शब्द टाक, तीन हवेत. मी आदल्या रात्री पोचतो. ओवीला सांग, आत मोबाइल नेता येत नाही आणि टाळ्याही वाजवायच्या नाहीत. प्रश्नोत्तरं सुरू व्हायच्या आत आपण जागेवर बसलेलो असू.

वहिनींना नमस्कार, ओवीला आशीर्वाद.

तुझा,
सुधीर