बोटीची नोंद आहे, बोटांची नाही

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस सविनय नमस्कार.

साहेब, मी रत्नागिरीकडचा तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा कप्तान. बत्तीस वर्षं दर्यावर आहे. हंगाम सुरू होऊन महिना झाला नाही, तोच पहाटे जाळं ओढायच्या यंत्राच्या, विंचच्या, दोरात माझ्या धाकट्या पोराचा हात सापडला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. बंदर सहा तास लांब. टॉवेल गुंडाळला, मासळीच्या खणातला बर्फ वर दाबून धरला. तुटलेली बोटं पिशवीत घालून आणली. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

गेल्या वर्षी बैठकीत शब्द मिळाला होता, दिवाळीच्या आत प्रत्येक बोटीवर औषधाची पेटी येईल, दोन खलाशांना प्रशिक्षण मिळेल. दिवाळी गेली, शिमगा गेला, नारळी पुनवेला नारळही सोडून झाला. पेटी कुठं आहे?

विम्यात कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख आहेत म्हणून कार्यालयात गेलो, तर पंचनामा आणा म्हणाले. भर समुद्रात पहाटे चारला पंचनामा कोण करणार, साहेब?

आमचा इंजिन ड्रायव्हर इंजिनाच्या आवाजाने ठार बहिरा झालाय. खणात मासळी कुजली की विषारी वायू साचतो. उतरलेला माणूस कोसळतो आणि त्याला काढायला गेलेलाही कोसळतो. हे कुठल्या वहीत आहे? नेपाळहून आलेल्या खलाशाचं तर नावही कुठं नसतं. सर्वेक्षणवाले बंदरावर येतात, बांगडा किती, म्हाकूल किती, सगळं लिहून नेतात. त्याच वहीत जखमी माणसाचा एक रकाना का नाही?

मासेमारीत जगभर वर्षाला 24 हजार माणसं मरतात असं वर्षानुवर्षं सांगत होते. 2022 च्या एका अभ्यासाने तोच आकडा लाखावर नेला. म्हणजे आजवर आम्हाला कोणी मोजलंच नव्हतं! आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 188 क्रमांकाचा करार 2007 चा. बोटीवर औषधं हवीत, खलाशाची तब्येत तपासलेली हवी, हे सगळं त्यात आहे. आपल्या देशाने तो अजून स्वीकारलेला नाही. 2025 मध्ये मासेमारीला शेतीचा दर्जा दिलात, त्याचे आम्ही पेढे वाटले. पण आम्ही मत द्यायला माणसं आणि जखमी झालो की कोणीच नाही, हे किती दिवस चालायचं?

पोरगा डाव्या हाताने जेवायला शिकतोय. भात सांडला की आईकडे बघत नाही.

मला सोमवारी पुन्हा कार्यालयात बोलावलंय. जाईन. तोवर पेटी कधी येणार, ती तारीख तेवढी कळवा.

आपला,
एक तांडेल