जर्मनीत रेल्वेनं स्वस्तात फिरायचं तर: मिलिंदला पत्र

श्टुटगार्ट,
फेब्रुवारी २०२६

प्रिय मिलिंद,

तू, मुग्धा, चिन्मय आणि काकू मे महिन्यात नक्की येताय हे कळल्यापासून आमच्याकडे कुणाला कुठल्या खोलीत झोपवायचं यावर चर्चा चालू आहे. ते खातं हिच्याकडे. रेल्वेचं तू मला विचारलंस, तेव्हा ते मी सविस्तर लिहितो. वाचताना चहा घेऊन बस.

युरोपभर चालणारा युरेल पास घेऊ का, हा तुझा पहिला प्रश्न. नको. आज पॅरिस, परवा व्हिएन्ना, मग रोम असं धावणाऱ्यांना तो परवडतो. तुम्ही आमच्याकडे मुक्काम ठोकणार, सकाळी निघून रात्री जेवायला परत येणार, आणि मध्ये एकदा बर्लिन. त्यासाठी एवढे पैसे मोजण्यात अर्थ नाही. ट्रॅव्हलवाल्यानं कितीही गोड बोलून गळ्यात मारायचा प्रयत्न केला तरी बधू नकोस.

आता इथलं भाडं कसं ठरतं ते समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल. आपल्याकडे किलोमीटर आणि डब्याचा वर्ग सांगितला की भाड्याचा साधारण अंदाज येतो. इथे लांब पल्ल्याच्या आयसीई गाडीत शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकानं वीस युरोच्या आत तिकीट काढलेलं असतं आणि दुसऱ्यानं दीडशेच्या वर मोजलेले असतात. सीट तीच, खिडकी तीच. महागडं तिकीट आहे ‘फ्लेक्सप्राइस’. ते काढलं की त्या दिवशी त्या मार्गावरची कुठलीही गाडी पकड. स्वस्त आहेत ती ‘श्पारप्राइस’ आणि त्याहून स्वस्त ‘झूपर श्पारप्राइस’. ही एका ठरलेल्या गाडीला बांधलेली असतात. श्पारप्राइस रद्द केलं तर थोडे कापून बाकीच्या रकमेचं व्हाउचर मिळतं, झूपरचे पैसे गेले ते गेले. म्हणजे जास्तीचे पैसे जातात ते ऐन वेळी बेत बदलायच्या मुभेचे. ही मुभा फुकटात हवी असेल तर एकच रस्ता आहे, हळू जायचं. तुमच्या सहलीचा मोठा भाग मी त्यावरच बेतला आहे.

हळू जायचं तिकीट म्हणजे ‘डॉइचलांड-तिकीट’. त्याची कुळकथा मजेशीर आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात महागाईनं लोक वैतागले होते, तेव्हा सरकारनं जून, जुलै आणि ऑगस्टसाठी महिन्याला ९ युरोत देशभर फिरा अशी योजना काढली. समुद्राकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही, पण लोकांना चटक लागली. मग मे २०२३ पासून ४९ युरोचं कायमचं मासिक तिकीट आलं, २०२५ मध्ये ते ५८ चं झालं आणि या जानेवारीपासून ६३ चं. आपल्या एसटीची ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ योजना आठव, महिनाभराची आणि देशभराची. प्रादेशिक गाड्या, लोकल, मेट्रो, ट्राम, गावातल्या बस, सगळं त्यात आलं. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत आणि खासगी कंपनीच्या हिरव्या फ्लिक्सट्रेनमध्ये मात्र ते चालत नाही. ‘चुकून चढलो’ म्हणायची सोय नाही. चालू तिकिटाविना सापडलं तर लोकल गाडीतसुद्धा साधारण ६० युरो दंड बसतो, आणि इथले टीसी पर्यटक म्हणून गय करत नाहीत.

यात एक मेख आहे. ते कॅलेंडरच्या महिन्याचं असतं, तीस दिवसांचं नव्हे. तू १८ मे ते ८ जून म्हणत होतास, त्यात दोन महिन्यांचे पैसे जातील. त्याऐवजी २ मेला उतर आणि २८ किंवा २९ ला परत जा. चौघांचे मिळून २५२ युरो होतील. चिन्मय नऊ वर्षांचा, त्यालाही वेगळं लागतं. फुकट प्रवास सहा वर्षांच्या आतल्यांनाच. त्याच्यापुरती सुटी तिकिटं काढता येतील, पण रोज मशीनपुढे उभं राहून इथल्या विभागांचे आकडे लावत बसण्यापेक्षा एकदाच काढलेलं बरं. शिवाय हे तिकीट म्हणजे वर्गणी आहे, आपणहून पुढच्या महिन्यात चालू राहते. १० तारखेच्या आत रद्द करावी लागते. तुझ्यावर सोडलं तर तू पुण्यात बसून जूनचेही पैसे भरशील, म्हणून ते माझ्याकडे ठेव.

फ्रांकफुर्टला उतरल्यावरही याच तिकिटावर या. विमानतळावरून आयसीई सव्वा तासात श्टुटगार्टला आणते आणि आधी काढलं तर स्वस्तातही मिळते. पण विमानाला उशीर झाला, सामान उशिरा आलं, इमिग्रेशनला रांग लागली, की ठरलेली गाडी सुटणार आणि तिकीट वाया. उशीर तुमच्या विमानाला, रेल्वेला त्याचं सोयरसुतक नाही. प्रादेशिक गाड्यांनी मानहाइमला बदलून तीनेक तास लागतील, पण कितीही वाजता बाहेर आलात तरी चालेल. काकूंच्या गुडघ्यांच्या दृष्टीनंही तेच बरं. बऱ्याच प्रादेशिक गाड्यांचं दार फलाटाच्या पातळीला असतं, जुन्या आयसीईला मात्र उंच पायऱ्या आहेत.

हळू जाण्यात कंटाळा येईल अशी मुग्धाला शंका आहे. तिला ऱ्हाईनचं सांग. कोलोन आणि फ्रांकफुर्टच्या मध्ये २००२ मध्ये द्रुतगती मार्ग झाला. त्यावरून आयसीई तासाभरात जाते, आणि जाताना दिसतात बोगदे आणि मोटारींचा महामार्ग. नदी दिसतच नाही. जुना मार्ग नदीच्या काठाकाठानं जातो आणि त्यावर आपल्या तिकिटाची गाडी आहे. आपण माइन्झला जाऊ, तिथून आरबी २६ ही प्रादेशिक गाडी पकडू आणि उजव्या हाताची खिडकी धरू. बिंगेन गेलं की दोन्हीकडून डोंगर जवळ येतात, उतारावर द्राक्षांचे मळे, आणि दर वळणावर कुणा ना कुणा सरदाराची गढी. बाखाराखच्या पुढे नदीच्या ऐन मध्यात बेटावर एक पांढरा किल्ला दिसतो, फाल्त्सग्राफेनश्टाइन. जहाजांकडून जकात वसूल करायला बांधलेला, म्हणून असा वाटेत उभा. त्यामागून ओबरवेझेलचे बुरूज येतात, मग समोरच्या काठावर लोरेलायचा कडा, आणि त्याच वेळी गाडी बोगद्यात शिरते. बाहेर आल्यावर लोक दुसऱ्या खिडकीशी झुंबड करतात. तू करू नकोस, नदी उजवीकडेच असते. कोब्लेन्झला उतरून जेवू, आणि येताना बोपार्डला थांबून चहा घेऊ. कुठेही उतरा, पुढच्या गाडीत चढा, कुणी विचारणार नाही. आयसीईच्या स्वस्त तिकिटावर हे जमायचं नाही.

चिन्मयसाठी उल्म. श्टुटगार्टजवळच्या वेंडलिंगेनपासून उल्मपर्यंत डिसेंबर २०२२ मध्ये नवा मार्ग सुरू झाला आणि त्यावर एक प्रादेशिक गाडी ताशी २०० किलोमीटरनं पळते. आपल्या ६३ युरोंवर! उल्मच्या चर्चचा मनोरा १६१.५ मीटर उंच. गेल्या ऑक्टोबरपर्यंत ते जगातलं सर्वांत उंच चर्च होतं, मग बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया चर्चनं मागे टाकलं. पायऱ्या ७६८. तो चढेल, मी खाली काकूंबरोबर बसेन. ब्लॅक फॉरेस्टची घाटातली गाडीही आहे, रोबेर्ट गेर्विग नावाच्या इंजिनिअरनं १८७३ मध्ये पुरी केलेली, कार्ल्सरूहेहून कोन्स्टान्झला जाणारी. वेळ उरला तर बघू.

बर्लिनला मात्र हळू जायचं नाही. दिवसभर गाड्या बदलत बसायचं आणि काकूंचे हाल करायचे, हे पैसे वाचवणं नव्हे. इथे झूपर श्पारप्राइस, आणि ती आत्ताच काढायला हवीत. जसजसा दिवस जवळ येतो तसतशी स्वस्त तिकिटं संपत जातात. अ‍ॅपमध्ये दिवसभरातला सर्वांत कमी दर दाखवायची सोय आहे, मी ती रोज रात्री बघतो (बायको म्हणते शेअर बाजार उघडला). मंगळवार-बुधवारच्या दुपारच्या गाड्या बऱ्या असतात, शुक्रवार संध्याकाळचं नाव काढू नये. चिन्मय या गाड्यांत तुमच्याबरोबर फुकट, फक्त तिकीट काढताना त्याची नोंद करायची. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. या स्वस्त तिकिटात वाटेत दोन ठिकाणी, प्रत्येकी ४८ तासांपर्यंत, मुक्काम घालता येतो. तो तिकीट काढतानाच ठरवायचा. मी एरफुर्ट म्हणतो. गावात एका पुलावर दोन्ही बाजूंनी घरं आणि दुकानं आहेत. तिथून वायमार प्रादेशिक गाडीनं पंधराएक मिनिटं. मुग्धाचे मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकताना कवी ग्योथेचं नाव ऐकून ऐकून कान किटले असतील, त्याचं राहतं घर तिला दाखवू.

गाडीत जागा राखून ठेवणं वेगळं आणि त्याचे पैसे वेगळे. तिकीट म्हणजे सीट नव्हे. काकूंसाठी आपण जागा घेऊच.

आता वेळेबद्दल. जर्मन गाड्या घड्याळ लावून घ्यावं अशा धावतात हे तुझ्या वडिलांच्या पिढीचं ऐकीव. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि त्यातही सहा मिनिटांच्या आतला उशीर धरत नाहीत. रूळ जुने झाले, आता एकेक मार्ग महिनोन् महिने बंद ठेवून दुरुस्त करताहेत. पण यात आपला फायदाही आहे. मुक्कामाला वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की स्वस्त तिकिटाचं बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीनं जाता येतं. तासभर उशीर झाला तर पाव भाडं परत, दोन तास झाला तर निम्मं. अर्ज मी करेन.

फलाटावर दोन गोष्टी सांभाळ. गाडीचा फलाट ऐन वेळी बदलतो. भोंग्यावर जर्मनमध्ये काहीतरी खरखरतं आणि अख्खा फलाट बॅगा उचलून जिन्याकडे वळतो. शब्द कळले नाहीत तरी तूही वळ. दुसरं म्हणजे काही गाड्या वाटेत दुभंगतात. म्युनिकहून डोंगराकडे जाणारी गाडी होल्झकिर्शेनला तुटते आणि तिचे तुकडे वेगवेगळ्या गावांना जातात. तुम्ही तळ्याकाठी टेगर्नझेला निघालेले आणि चुकीच्या डब्यात बसून बायरिशत्सेलला पोचलेले, असं सहज होतं. डब्यातल्या पाटीवर गाव बघून मगच पाय पसरा.

तारखांचा अजून एक मुद्दा. १४ मेला गुरुवारी इथे सुट्टी आहे. त्याच दिवशी ‘फाटरटाग’, म्हणजे बापलोकांचा दिवस, असतो, आणि टोळकी बिअरनं भरलेल्या हातगाड्या ओढत फिरतात, गाडीतसुद्धा. २५ तारखेलाही सुट्टी. या दोन शनिवार-रविवारांना आपण गावातच राहू, वरण-भात करू. बर्लिन १८ ते २२ मध्ये बसवतो.

आणि विमानाची तिकिटं आधीच १८ मेची काढून बसला असशील तर डॉइचलांड-तिकिटाचा नाद सोडू. तेव्हा राज्याचं एका दिवसाचं तिकीट बघू. बाडेन-व्युर्टेम्बेर्गचं, म्हणजे आमच्या राज्याचं, वेगळं, शेजारच्या बायर्नचं वेगळं. पाच जणांपर्यंत एकत्र चालतं, आपण बरोबर पाच होतो. बायर्नच्या तिकिटावर तर थेट साल्झबुर्गपर्यंत जाता येतं. फक्त आठवड्याच्या दिवसांत सकाळी ९ नंतरच निघता येतं आणि त्यावर नावं लिहावी लागतात.

तेव्हा या रविवारपर्यंत तारखा पक्क्या कळव, आणि चौघांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच्या तशी पाठव. काकूंचं माहेरचं नाव मध्ये घुसलंय का तेही बघ. बर्लिनचं १९.९९ चं तिकीट मला दोन दिवसांपासून दिसतंय.

काकूंना नमस्कार, चिन्मयला पापा.

तुझा,
श्रीपाद